कठड्यावरचं ऊन

‘तुमच्या जखमेत एमआरएसए सापडलाय,’ डॉक्टर म्हणाले.

‘म्हणजे?’

‘मेथिसिलिन रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस.’

‘आता मराठीत सांगा,’ मी म्हटलं. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. समजलं नसताना मान डोलावणारी मुलं मला वर्गात चालत नसत, मग स्वतःला कशी चालेन?

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. स्टॅफिलोकॉकस हा तसा साधा जिवाणू. आपल्या कातडीवर, नाकात त्याचा कायमचा मुक्काम असतो आणि बहुतेक वेळा तो कुणाचं काही बिघडवत नाही. पण त्याची एक जात अशी तयार झाली आहे, की नेहमीची अँटिबायोटिक्स, म्हणजे जिवाणू मारणारी औषधं, तिला जुमानत नाहीत. रुग्णालयांत ही जात जास्त आढळते. आता ती माझ्या नडगीच्या हाडावर बसवलेल्या स्टीलच्या पट्टीला चिकटली होती.

‘ह्यावर औषध आहे?’

‘आहे. पण धातूवर बसलेला जंतू सहजी सुटत नाही. आपण प्रयत्न करू.’

‘आणि नाही सुटला तर?’

डॉक्टरांनी आधी सायमनकडे पाहिलं. सायमन म्हणजे माझा नवरा. तो खिडकीबाहेर बघत होता. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. ‘पट्टी काढावी लागेल. त्यानंही थांबलं नाही आणि हाड सडत गेलं, तर गुडघ्याखाली पाय काढण्याचा विचार करावा लागेल. हे मी आज बोलणार नव्हतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.’

मी विचारलं होतं, हे खरंच. उत्तर ऐकल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते हे, की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिताना मी उजव्या पायाच्या चवड्यावर उभी राहते. आणि पट्टी उजव्याच पायात होती. मी रडले नाही. मला रडायला उशिरा येतं, हा माझा जुना गुण आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे, अलीकडे आमच्या भागात हाडांच्या शस्त्रक्रिया वाढल्यात आणि घरोघरी कुणाच्या ना कुणाच्या पायात पट्टी, हातात सळी असते. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी हे वाचावं. मी डॉक्टर नाही. जे मला सांगितलं गेलं आणि जे माझ्यावर घडलं, तेवढंच लिहिते. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहीत आहे.

माझा अपघात अगदी क्षुल्लक होता. आमचं घर वसईजवळच्या भुईगावात आहे. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना केळी-भाजीच्या वाड्यांची कुंपणं. शाळेतून येताना एका वळणावर कुणीतरी बांधकामाची वाळू ओतून ठेवली होती. माझी स्कूटी त्यावरून सरकली आणि मी खाली, स्कूटी वर. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. ह्याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात. कातडी फाटल्यामुळे माती, वाळू, जंतू थेट हाडापर्यंत पोचतात आणि जखम पिकण्याची भीती जास्त असते, असं मला नंतर समजलं. त्या वेळी एवढंच समजत होतं, की पाय माझा आहे पण भलत्याच दिशेला बघतोय.

वसईतल्या एका लहान रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. जखम धुतली, हाड जुळवलं, पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी आले. पहिले काही आठवडे बरे गेले. मग टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली, नंतर पाणी, नंतर पू. पू तपासायला गेला. ह्या तपासणीला कल्चर म्हणतात, म्हणजे पुवाचा थेंब पोषक थरावर ठेवून त्यात काय उगवतं ते पाहायचं. जे उगवलं ते वर सांगितलंच आहे.

मला पुन्हा भरती केलं, ते ह्या वेळी वेगळ्या खोलीत. माझ्यातला जंतू दुसऱ्या रुग्णांकडे जाऊ नये म्हणून. जिन्याच्या शेवटी, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ती खोली होती. मोठी खिडकी, पलीकडे केळीची वाडी, त्यापलीकडे ताडांची रांग. दारावर एक चकचकीत चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, की ही खोली स्वतःच स्वतःचे जंतू मारते.

‘हे काय प्रकरण?’ मी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर जरा हसले. हे रुग्णालय त्यांचंच. एका विक्रेत्यानं त्यांना नव्या प्रकारच्या लेपाची माहिती दिली होती, आणि प्रयोग म्हणून त्यांनी ही एकच खोली करून घेतली होती. भिंती, पलंगाचे स्टीलचे कठडे, औषधांच्या कपाटाचा वरचा भाग, खिडकीचा कट्टा, दाराची मूठ, सगळ्यावर तो लेप फवारला होता. डोळ्यांना दिसत नव्हता. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत लागायचं, बस.

त्याला फोटोकॅटॅलिस्ट म्हणतात, म्हणजे प्रकाशानं जागा होऊन काम करणारा पदार्थ. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. घराला पांढरा रंग देतो त्यातही हीच पांढरी पूड असते, पण लेपातली फार म्हणजे फार बारीक असते. तिच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, की हवेतल्या ओलाव्यातून आणि प्राणवायूतून ती फार चळवळे रेणू तयार करते. ते क्षणभरच टिकतात, पण तेवढ्यात शेजारी जो जिवाणू असेल त्याची भिंत फोडतात, विषाणू असेल तर त्याचं वरचं आवरण. ‘औषधाला सरावतात तसे जंतू ह्याला सहजी सरावत नाहीत,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण एक लक्षात ठेवा. हे औषध नव्हे. तुमच्या जखमेत हा लेप काहीही करणार नाही. ज्या जागेवर तो आहे त्या जागेपुरतं बघतो, तेही सावकाश. आणि त्याला ओरखडे पडू देऊ नका. तारेच्या घासणीनं वगैरे कुणी पुसू नका. जपून वापरा.’

हे सगळं ऐकायला खोलीत माझी नणंद होती. फिलोमिना. सगळं भुईगाव तिला फिलूबाय म्हणतं. सायमनची थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी, लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहते. आमच्याकडे मोठ्या माणसांनाही तू म्हणायची रीत आहे, म्हणून मी तिला फिलू म्हणते. रुग्णालयात माझ्यापाशी राहायला तीच आली. सायमनला वाडी सोडून रोज येणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजारी माणसाजवळ बसायचं म्हटलं की त्याची पाचावर धारण बसते.

फिलूच्या हाताला क्रोशाची सुई जन्मजात चिकटलेली आहे. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, आल्तारवरच्या, म्हणजे वेदीवरच्या, कापडांच्या कडा तिनं विणलेल्या आहेत. आणि आमच्या घरात अशी एक मौल्यवान वस्तू दाखवा, जिच्यावर तिचं पांढरं जाळीदार कापड नाही! टीव्हीवर आहे, फ्रिजवर आहे, फ्रिजच्या मुठीला वेगळी पिशवी आहे. टेलिफोनच्या रिसीव्हरलाही होती. मला ऐकू येईना म्हणून मी काढायला लावली, तर आठवडाभर गाल फुगवून बसली. नवीन, महाग, नाजूक असं काही घरात आलं, की त्याला झाकायचं. हे तिचं एकटीचं नाही. आमच्या गावात कुठल्याही घरी जा, हेच दिसेल.

तेव्हा डॉक्टर ‘जपून वापरा’ म्हणून गेले आणि फिलूनं पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं.

आधी दोन्ही कठड्यांना लांब बाह्या झाल्या, कडेला बारीक फुलांची ओळ. मग कपाटावर चौकोनी कापड. मग दाराच्या मुठीला टोपी. मीही काही बोलले नाही. स्टीलचा कठडा सकाळी गार लागायचा, आता हाताला ऊबदार लागत होता. उशी सरकवताना, कूस बदलताना, बेडपॅन घेताना मी त्याच कठड्याला धरायचे. शिवाय दुपारी ऊन थेट डोळ्यांवर यायचं, म्हणून फिलूनं पडदा ओढून टाकला. ‘आजारी माणसाला अंधार बरा,’ ती म्हणाली. त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. वीज गेली की ट्यूबलाइटही बंद, आणि खोलीत भर दुपारी संध्याकाळ व्हायची.

सिस्टर ड्रेसिंगला आल्या की हातमोजे चढवता चढवता त्या विणकामाकडे बघायच्या. ‘फिलूबाय, माझ्या टीव्हीला असं करून द्याल?’ डॉक्टरांची नजर खोलीत शिरताच माझ्या पायावर जायची. तरी एकदा त्यांनी कठड्याला हात लावला आणि ‘वा, छान!’ म्हणाले. आमच्या भागात पांढरं स्वच्छ क्रोशाचं कापड कुणाला खुपत नाही. ते स्वच्छतेचंच चिन्ह मानतात.

माझ्यावर उपचार चालू झाले होते. आधी डिब्राइडमेंट, म्हणजे जखम पुन्हा उघडून सडलेला भाग खरवडून काढणं. पट्टी तूर्त राहू दिली, कारण हाड अजून जुळलं नव्हतं. मग व्हॅन्कोमायसिन नावाचं औषध शिरेतून. ते सावकाश द्यावं लागतं. एकदा बाटली जरा भरभर सुटली, तर माझा चेहरा आणि मान लालबुंद झाली, अंगभर खाज सुटली. वेग कमी केल्यावर लाली गेली, पण खाजेनं काही पिच्छा सोडला नाही. तुमच्यावर हे औषध चालू असेल आणि असं झालं तर घाबरू नका, पण लगेच सिस्टरना हाक मारा. मूत्रपिंडांवर ताण येतो का, हे बघायला अधूनमधून रक्तही तपासतात. त्या तपासणीचं नाव क्रिएटिनिन. माझं चांगलं आलं.

जखम सुकायला लागली. पू थांबला. सायमन सीताफळं घेऊन आला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर नीट टेकून बसला. मला वाटलं, सुटले बाई.

आणि एका सकाळी ड्रेसिंगवर पुन्हा पिवळा डाग.

 सिस्टरनी डाग बघितला, मी त्यांचं तोंड बघितलं. पुन्हा पू गेला तपासायला. पुन्हा तोच जंतू. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘पुन्हा एकदा उघडून साफ करू. पण ही वेळ शेवटची धरा. ह्यानंतर पट्टी ठेवता येणार नाही आणि हाड अजून कच्चं आहे. मग पुढचं सगळं अवघड होत जाईल.’

पुढचं म्हणजे काय, ते मला पाठ होतं.  मी पायाची बोटं हलवून बघत राहिले. हलत होती बिचारी.

डॉक्टरांच्या डोक्यात काहीतरी घोळत असावं. त्यांनी खोलीतले नमुने घ्यायला सांगितले. म्हणजे ओल्या कापसाची काडी जागोजागी फिरवायची आणि तिचं कल्चर करायचं. खिडकीचा कट्टा, त्याच्या बाजूची भिंत, कपाट, कठडा आणि कठड्यावरचं कापड. प्रयोगशाळेतल्या बाई काडी फिरवायला आल्या तेव्हा फिलूनं स्वतः कापडाच्या गाठी सोडून दिल्या. ‘सांभाळून हां, दोरा उसवेल,’ म्हणाली.

उत्तर यायला काही दिवस गेले. तोवर शस्त्रक्रिया उरकली होती आणि मी भुलीतून बाहेर येऊन गुंगीत पडले होते. डॉक्टर आले, आणि ह्या वेळी कागद माझ्यापुढे धरला. खिडकीच्या कट्ट्यावर काही उगवलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून जिथे ऊन पडत होतं त्या भिंतीवर काही नव्हतं. कपाटावर, कापडाखाली, तो जंतू होता. कठड्यावर होता. कठड्याच्या कापडावर सगळ्यांत जास्त होता.

‘हा लेप प्रकाशाशिवाय काहीच करत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘कापडाखाली तो नुसता रंग आहे. आणि कापडाच्या जाळीत घाम, ओलावा, हाताचा मळ बसतो. तुम्ही त्याला धरता, मग तुम्हाला खाज सुटते, तोच हात ड्रेसिंगच्या कडेला जातो.’ मग ते थांबले आणि म्हणाले, ‘हे बघा, ह्यामुळेच जखम परत चिघळली, असं मी शपथेवर सांगणार नाही. जंतू आधीपासून पट्टीवर लपलेलाही असू शकतो. जखमेतून कापडावर गेला, की कापडावरून जखमेत आला, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि ते कापड मीही बघितलं होतं. छान म्हणालो होतो.’

हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम फिलूकडे बघून म्हटलं. पण फिलूनं ते ऐकलं नाही. तिनं ऐकलं ते एवढंच, की कापडावर सगळ्यांत जास्त.

ती उठली. कठड्याच्या बाह्या काढल्या, कपाटावरचं कापड काढलं, मुठीची टोपी काढली, सगळं एका पिशवीत भरलं आणि पिशवी अंगापासून लांब धरून निघून गेली. घरी जाऊन तिनं ते सगळं चुलीत घातलं, असं सायमननं मला सांगितलं. घातलं आणि जळून जाईपर्यंत तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दारातच उभी राहिली.

‘आत ये की,’ मी म्हटलं.

‘इथंच बरी हाय मी.’

‘अगं, मला पाणी कोण देणार?’

‘सिस्टर देतील. माझ्या हातानं नको.’ मग म्हणाली, ‘माझ्या हातानं तुझा पाय जायचा बाय.’

मी तिला समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. आमचे फादर मला भेटायला आले होते, त्यांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. सगळ्यांनी हात टेकले. ती मान हलवायची, ‘बरं’ म्हणायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हात मात्र इतके धुवायची, की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मला तिची कीव यायला हवी होती. मला राग आला. माझा पाय टांगणीला लागला असताना हिचं दुःख कुठे सांभाळत बसू, असं वाटलं. तिला मी तसं बोललेही. ती ‘खरं हाय’ म्हणाली आणि सायमनला माझ्यापाशी बसवून निघून गेली.

मग सायमन राहू लागला. वाडीला शेजाऱ्यानं पाणी दिलं. घाबरट माणूस, पण शिकला. बेडपॅनही शिकला.

खोलीची व्यवस्था बदलली. सगळं जंतुनाशकानं पुसून घेतलं. रोज पुसायला सुरुवात झाली, कारण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लेप आहे म्हणून पुसणं सोडायचं नसतं. दारावरची ती चिकटपट्टी त्यांनी स्वतः ओरबाडून काढली. पडदा उघडला. माझा पलंग ओढून खिडकीपाशी आडवा लावला.

आणि इथे माझा भूगोल कामी आला. नोव्हेंबर संपत आला होता. सूर्य दक्षिणेकडे सरकत होता, म्हणजे रोज तो जरा खालून येणार आणि ऊन खोलीत जास्त आत शिरणार. मी सायमनला पलंगाचा कोन बदलायला लावला, इकडे थोडा, तिकडे थोडा. तो वैतागला. ‘पाय बरा कर आधी, नकाशा नंतर काढ!’ पण दुपारी ऊन बरोबर उजव्या कठड्यावर आलं आणि हळूहळू पुढे सरकत गेलं. डाव्या कठड्याला मिळायचं नाही, म्हणून मी डाव्या बाजूला धरायचंच बंद केलं. ऊन तिथे नेमकं काय करत होतं, ते दिसत नव्हतं. दिसण्यासारखं काही नसतंच. मी आपली पडल्या पडल्या बघत राहायचे. दुसरा उद्योग काय होता?

खाजेसाठी गोळी मिळाली. तरी हात पायाकडे जायचा. तेव्हा मी रोझरी, म्हणजे जपमाळ, बोटांत गुंडाळून ठेवू लागले, म्हणजे हात गुंतलेला राही. ही भक्ती नव्हती, युक्ती होती. देवाला ते कळलंच असेल.

वाट बघणं सगळ्यांत वाईट. पू तपासायला गेला, की प्रयोगशाळेत ‘वाढ नाही’ असं म्हणायलाही दिवस लागतात. वाढ आहे हे लवकर कळतं. नाही हे उशिरा. तेव्हा कागद येत नाही म्हणजे बरं चाललंय, असं धरायचं असतं. हे मला सिस्टरनी सांगितलं आणि मी ते धरून राहिले. पायऱ्यांवर पावलं वाजली की मी दाराकडे बघायचे.

कागद आला. वाढ नाही. नंतर दुसरा आला. वाढ नाही. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागी धुरकट पांढरा फुगवटा दिसू लागला. ह्याला कॅलस म्हणतात, म्हणजे हाड जुळताना तयार होणारं नवं, कोवळं हाड. डॉक्टर तो दाखवताना इतके खूष होते, की मलाच त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं. ‘पाय राहतोय बाई तुमचा,’ ते म्हणाले.

त्या वेळी मला रडू आलं. सायमन घाबरून सिस्टरना बोलवायला धावला.

नाताळ घरी झाला. पुढे औषधाच्या गोळ्या चालू राहिल्या, बऱ्याच महिन्यांनी हाड पक्कं झालं आणि पट्टी काढली. पट्टीबरोबर जंतूचं उरलंसुरलं ठाणंही गेलं, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरली, खपली पडली. मी वॉकर घेऊन घरात हिंडू लागले.

लोक मला विचारतात, त्या लेपानं तुझा पाय वाचवला का? नाही. पाय वाचवला डॉक्टरांच्या हातानं, औषधानं, सिस्टरांच्या हात धुण्यानं, आणि थोडा नशिबानं. लेपानं कठडा स्वच्छ ठेवायला मदत केली, तीही ऊन होतं म्हणून. आपल्याला नवीन काही मिळालं, की आपण एक तर त्याच्यावर सगळं सोपवून मोकळे होतो, नाहीतर त्याला झाकून ठेवतो. तुमच्यापैकी कुणाच्या खोलीत असं काही असेल तर ते कशावर चालतं हे आधी विचारा. लाज वाटू देऊ नका. जखमेजवळ हात नेऊ नका. गोळ्या मध्येच सोडू नका. आणि आजारी माणसाला अंधार बरा, असं कुणी म्हटलं तर खुशाल पडदा उघडा.

पण आमच्या घरातली एक गोष्ट बरी व्हायची राहिली होती.

फिलू माझ्या अंगाला हात लावत नव्हती. घर तिनंच सांभाळलं. माझं जेवण तीच रांधायची, पण ताट स्टुलावर ठेवून चार पावलं मागे व्हायची. माझे कपडे ती वेगळे उकळायची. मी जवळून गेले तर भिंतीला चिकटायची. सुई तिनं हातात घेतली नव्हती. फादरनी आल्तारसाठी नवीन कापड मागितलं, तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हणाली. जखम कधीच भरली होती, पट्टी निघाली होती, जंतू गेला होता. हे तिला दाखवायला माझ्याकडे कागद होते, पण तिला कागद वाचायचे नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलं, आता वॉकर सोडा. सुरुवातीला कुणीतरी शेजारी असू द्या. सायमन वाडीत गेला होता. मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. फिलू अंगणात पाटावर बसून बोंबील साफ करत होती. मी खांब सोडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला गुडघा डगमगला. तो मला सावरता आला असता. मी सावरला नाही.

‘फिलू, पडते मी!’

ती कशी उठली, कशी पडवीत चढली, कळलं नाही. कोयता खाली पडल्याचा आवाज आला आणि तिचे दोन्ही हात माझ्या काखांखाली. ओले, बुळबुळीत, बोंबलाच्या वासाचे. माझं सगळं वजन तिच्यावर. आम्ही दोघी धापा टाकत तशाच उभ्या राहिलो.

मग तिच्या लक्षात आलं. तिनं हात काढून घ्यायला बघितलं. मी तिचं मनगट धरलं.

‘सोड बाय. हात धुऊन येते.’

‘नंतर धू,’ मी म्हटलं. ‘आधी मला फाटकापर्यंत ने.’

ती माझ्या पायाकडे बघत राहिली. मग तिनं माझी कंबर घट्ट धरली आणि म्हणाली, ‘उजवा पाय आधी टाक.’